दुप्पट, पण कशाच्या?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आरोग्यविषयक बातमीत ‘धोका दुप्पट’ हे शब्द आढळले, की आपण प्रथम एकच प्रश्न विचारावा : दुप्पट, पण कशाच्या?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की, संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. बातमी खोटी नव्हती. परंतु सुमारे ७,००० स्त्रियांत जेथे एकीला हा विकार होई, तेथे तो दोघींना होऊ लागला, एवढाच तिचा अर्थ होता. भयभीत होऊन अनेकींनी गोळ्या सोडल्या. परिणामी पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. आणि गुठळीचा धोका तर गरोदरपणात त्या गोळ्यांहूनही अधिक असतो!

म्हणून माझी विनंती एवढीच, की बातमी वाचून चालू औषध परस्पर बंद करू नये. मूळ धोका किती, हे आपल्या डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. भीती वाटणे स्वाभाविक आहे. तिला आकड्याचे माप लावणे मात्र आपल्या हाती आहे.