घरच्या घरीं गिटारचें ध्वनिमुद्रण



आमचे मामा तरुणपणीं मुंबईस वाद्यवृंदांत गिटार वाजवीत. आज त्यांचें वय ८१ आहे, आणि उजव्या हातास सूक्ष्म कंप सुटूं लागला आहे. त्यांनीं स्वतः बसविलेल्या चार गती कोठेंही मुद्रित झालेल्या नव्हत्या. तेव्हां त्या घरींच मुद्रित करून ठेवाव्या, असें मीं गतवर्षीं योजिलें. एका बैठकींत त्या एकवार वाजविण्यापलीकडे त्यांची शक्ति नाहीं, आणि पहिली बैठक मीं माझ्या अज्ञानानें दवडली. ती कशी, हेंच आज सांगावयाचें आहे.

गिटारच्या पोटास जें वाटोळें भोंक असतें त्यांतूनच सारा आवाज निघतो, अशी पुष्कळांची समजूत असते, माझीही होती. म्हणून मीं मायक्रोफोन थेट भोंकासमोर, चार बोटांवर ठेवला. मुद्रण ऐकतांच मामा म्हणाले, "अरे, हा माझा हात नव्हे. पिपांत तोंड घालून कोणी बोलतो आहे!" त्यांचें खरें होतें. वाद्याच्या पोटांतील हवा स्वतः घुमते. तें घुमणें साधारणतः सेकंदास १०० कंपनांच्या आसपास असतें, आणि भोंकाजवळ तेंच प्रबळ. त्यांत, समोरचेंच अधिक ऐकणारा जो मायक्रोफोन, तो वाद्याच्या फार जवळ नेला म्हणजे खर्जाचे स्वर मूळच्याहून फुगवितो. एका दोषावर दुसरा चढला, आणि मामांच्या नखांचें नाजूक काम त्याखालीं बुडालें. वस्तुतः तारेचें कंपन घोडीवाटे वरच्या लाकडी पाटीस पोंचतें, आणि सतारीच्या तबलीप्रमाणें ती सबंध पाटी बोलते. मग एकट्या भोंकाची साक्ष पुरी कशी पडावी?

बाराव्या पडद्यासमोर, म्हणजे मोकळ्या तारेचा मध्य जेथें येतो तेथें, वीत-सव्वा वीत अंतरावर मायक्रोफोन ठेवून आरंभ करावा. निर्णय मात्र कानानें करावयाचा. एक कान बोटानें बंद करून, वादक वाजवीत असतां दुसरा कान वाद्यासमोर हळूहळू फिरवावा. जेथें खर्ज आणि तारेची चमक दोन्ही समतोल ऐकूं येतील, ती जागा खरी. घरचा कर्ता पुरुष गुडघ्यांवर रांगतांना पाहून मंडळी हंसतात. हंसूं द्यावें.

मायक्रोफोन कोणता, हा प्रश्न दुकानांत फार मोठा वाटतो. सभेंत वक्ते हातीं धरतात तो बहुधा चकतीबरोबर तारेचें वेटोळें हालणारा असतो. तो दणकट खरा. पण हालणारा भाग जड, म्हणून तारेचे सूक्ष्म उच्च नाद त्यास कमी सांपडतात. गिटारसाठीं कंडेन्सर जातीचा बरा. १९१६ सालीं अमेरिकेंत ई. सी. वेंटे यांनीं तो सिद्ध केला. त्याची चकती अत्यंत हलकी असते. त्यास बहुधा ४८ व्होल्ट वीज लागते, ती संगणकास जोडावयाच्या पेटींतून मिळते. मात्र हा मायक्रोफोन पंख्याची घरघर आणि शेजारचा कुकरही तितक्याच निष्ठेनें टिपतो! आम्हीं पंखा व फ्रिज बंद केले, उघड्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, आणि मामांची खुर्ची कोपऱ्यांतून पुढें ओढली. कारण कोपराही खर्ज फुगवितो.

दोन मायक्रोफोन लावण्याचा मोह मीं टाळला. आवाज सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. दोहोंच्या अंतरांत दीड विताचा फरक पडला तरी एकाकडे तो सेकंदाचा हजारावा भाग उशिरां पोंचतो, आणि दोन्ही मुद्रणें एकत्र केलीं असतां कांहीं स्वर पोकळ होतात.

पंधरा दिवसांनीं मामा पुन्हां बसले. तीन गती साधल्या. चौथींत कंप आड आला. ती पुसूं काय, म्हणून विचारलें, तर म्हणाले, "असूं दे रे. आतां ऐकूं येतो तो हात तरी माझा आहे."