गागोद्याहून पवनारला



मी नागपूरच्या दक्षिण टोकाला, बेसाला राहते. कालपरवापर्यंत जिथे शेतं होती, तिथे आता इमारतीला इमारत लागली आहे. माणसं वाढली, पण शेजारच्या दारात कोण राहतं हे पाटी वाचून कळतं. इथून वर्धा रोडला लागलं, की बुटीबोरी, केळझर, सेलू असं करत दीडेक तासात पवनार येतं. धाम नदीवरचा पूल, आणि काठाच्या उंचवट्यावर विनोबांचा आश्रम. आज तुम्हाला तिथेच न्यायचं आहे, पण जरा लांबच्या वाटेनं. कारण पवनार समजायचं तर आधी कोकणातलं एक घर पाहायला हवं.

ते घर पेण तालुक्यातल्या गागोदे गावचं. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, जन्मले. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन गागोद्यात सासऱ्यांजवळ. आई कर्नाटकाकडची, फारशी शिकलेली नाही. मुलाला ती ‘विन्या’ म्हणे.

या घरात एक आंधळे काका होते. दिसत नसतानाही काम करणारे, शांत स्वभावाचे. मुलं त्यांना काका म्हणत, घरातले सगळे त्यांना मान देत. पुढे भावे कुटुंब बडोद्याला गेलं आणि एके दिवशी आजोबांचं पत्र आलं, काका गेले. घरात कोणी मेलं की सुतक धरतात, अंघोळ करतात. इथे तसलं काही झालं नाही. मुलांना नवल वाटलं. तेव्हा आईनं सांगितलं, की ते आपल्या नात्याचे नव्हतेच. निराधार होते, म्हणून आपल्याकडे राहिले. इतकी वर्षं एका पंक्तीत बसलेला माणूस परका होता, हे मुलांना तो गेल्यावर कळलं! मला या गोष्टीत सर्वांत मोठी वाटते ती त्या घराची चुप्पी. उपकार केल्याचा एक शब्द कुणी कधी मुलांच्या कानावर पडू दिला नाही.

आणखी एक प्रसंग. शेजारची बाई घरी नसली, की रुक्मिणीबाई त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाक करून देत. पण आधी स्वतःच्या घरचा उरकून. विन्या चिकित्सक, त्यानं आईला स्वार्थी ठरवलं. आधी आपलं, मग दुसऱ्याचं, असं का? आईनं समजावलं, की त्यांचं आधी केलं तर जेवायच्या वेळेपर्यंत निवून जाईल. त्यांना गरम मिळावं म्हणून त्यांचं नंतर. सेवा करायची तर ती घेणाऱ्याच्या वेळेनं, हा धडा त्या मुलाला चुलीपाशी मिळाला.

वडील शिस्तीचे, विज्ञानाची आवड असलेले. एका दिवाळीला त्यांनी खाऊ म्हणून पुडकं आणलं. उघडलं तर मुलांसाठीचं रामायण आणि महाभारत. आई मात्र देवाला लाख तांदूळ वाहायचे तर एकेक दाणा मोजणारी. वडिलांनी हिशेब सुचवला, की एका तोळ्यात किती दाणे ते मोजा आणि वजन करा. विन्यानं आईची बाजू घेतली, कारण प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, ती वजनकाट्यावर कशी होणार? गणितावर जीव असलेल्या मुलाचा हा निर्णय आहे, हे विसरू नका.

आईला संस्कृत गीता कळत नसे. मराठीत हवी होती. बाजारातला अनुवाद तिला अवघड गेला, तेव्हा ती म्हणाली, तूच का करत नाहीस? १९१६ साली मुलानं घर सोडलं, गांधीजींच्या आश्रमात गेला. १९१८ मध्ये आई वारली. ‘गीताई’ लिहून झाली ती १९३१ साली, आईनं मागितल्यानंतर कितीतरी वर्षांनी. नाव मात्र तिचंच राहिलं.

१९३८ साली विनोबा प्रकृती खालावलेल्या स्थितीत पवनारला आले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडलं, आणि १७ ऑक्टोबरला ते पवनारलाच युद्धाविरुद्ध बोलले. मग तुरुंग. मग १९५१. तेलंगणात पोचमपल्लीला जमिनीवरून रक्त सांडत होतं, तिथे १८ एप्रिलला भूमिहीनांसाठी शंभर एकरांचं दान मिळालं आणि भूदान सुरू झालं. पुढे गावोगाव पायी फिरताना ते जमीनदाराला म्हणत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. मिळालेल्या जमिनीत नापीक पुष्कळ होती, वाटपही पुरतं झालं नाही. हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण घरात एक माणूस वाढवून धरायचा, ही मागणी मला गागोद्यातली वाटते. त्या घरानं आंधळ्या काकांना असंच मोजलं होतं.

१९५९ साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या बहिणी इथे एकत्र राहतात, शेत-स्वयंपाक-झाडलोट स्वतः करतात, निर्णय सर्वांच्या संमतीनं घेतात. त्यांना जोडणारं नातं रक्ताचं नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी इथेच देह ठेवला. खाली धामच्या पात्रात गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या होत्या.

श्रोतेहो, बेसाहून पवनार सकाळी निघून दुपारपर्यंत परत येण्याइतकं जवळ आहे. मुलांना घेऊन जा. आश्रमात आवाज कमी ठेवा, आणि नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून त्यांना त्या आंधळ्या काकांची गोष्ट सांगा.