पक्ष, हितसंबंध आणि निवडणुकीचा पैसा

समान हितासाठी संघटित होऊन, स्वतः सत्तेवर न येता शासनाच्या निर्णयांवर दबाव आणणाऱ्या समूहास राज्यशास्त्रात हितसंबंधी गट म्हणतात. सिडको या शासकीय महामंडळाने वसवलेल्या नवी मुंबईसाठी जमिनी गेलेले प्रकल्पग्रस्त हा असाच गट होता; मात्र त्याचे नेते दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे असल्याने गट आणि पक्ष यांतील सीमारेषा येथे पुसट झाली. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरातील पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले, आणि या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना आली.

या गटाचे बळ संख्येत होते. पैशाचे बळ निराळ्या वाटेने चालते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये प्रचारखर्चास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले आणि २०१०मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या, खर्चावरील बंदी उठवली. भारताने मर्यादेचा मार्ग स्वीकारला, परंतु तो अर्धवटच: २०२२पासून महाराष्ट्रातील विधानसभा उमेदवारास ४० लाख रुपयांची मर्यादा असली, तरी पक्षाच्या एकूण खर्चाला कोणतीही मर्यादा नाही, त्यामुळे पनवेलसारख्या मतदारसंघात उमेदवाराचा हिशेब तपासला जातो आणि खरा ओघ बाहेरच राहू शकतो. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले.