तहान आणि लघवी

आजचा विषय लघवीचा आहे. चारचौघांत हा शब्द उच्चारायला आपण कचरतो, करंगळी दाखवून वेळ मारून नेतो. पण या लाजेची किंमत शरीराला मोजावी लागते, आणि मुलींना व आयाबहिणींना ती जास्त मोजावी लागते. म्हणून जुन्नर-आंबेगावकडच्या मंडळींपुढे, विशेषतः गुरुजी आणि बाईंपुढे, हा विषय मुद्दाम मांडतो आहे.

प्यालेले पाणी पोटातून सरळ खाली उतरले की त्याची लघवी होते, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक लघवी तयार होते ती रक्तापासून. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे 10 लाख बारीक गाळण्या. त्यांचे काम कसे चालते? बराखीतला कांदा डोळ्यांपुढे आणा. सडका कांदा काढायचा तर आपण सगळा ढीग बाहेर पसरतो आणि चांगला तेवढा निवडून पुन्हा आत भरतो. मूत्रपिंडाची रीत अशीच. दिवसभरात ते रक्तातून सुमारे 180 लिटर पाणी गाळून काढते आणि त्यातले कामाचे पाणी, मीठ, साखर पुन्हा रक्तात घेते. मागे उरते ते दीड-दोन लिटर. तीच लघवी. तिच्यात युरिया असतो. डाळ, दूध, मटण यांतल्या प्रथिनांपासून यकृतात तो बनतो. आपण उसाला गोणीतून टाकतो तोच हा युरिया, रसायन एकच!

आता उन्हाळ्याचे दिवस घ्या. भीमाशंकरच्या बाजूला हिरडा गोळा करणारी बाई असो की नारायणगाव-मंचरकडे टोमॅटो खुडणारी, घामावाटे अंगातले पाणी जाते. मूत्रपिंड मग काटकसर करते, लघवी थोडी आणि गर्द होते. वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग असला तर ठीक. तो गडद झाला की पाणी कमी पडले असे समजावे. पाणी पिऊनही गडद राहिला आणि डोळे पिवळे दिसले तर कावीळ असू शकते. बीट खाल्लेले नसताना लाल झाली तर रक्त असू शकते. रोज फेस येऊन टिकत असेल, पाय सुजत असतील, तर मूत्रपिंडाचीच तपासणी हवी. लघवीला मुंग्या लागतात हे तर मधुमेहाचे जुने लक्षण.

काकवी फार आटली की तळाशी खडे धरतात ना? घट्ट लघवीतही क्षार असेच धरतात. तोच मुतखडा.

पण मला खरे बोलायचे आहे ते शाळेतल्या मुलींविषयी. वाडीवरून तासभर चालत आलेली मुलगी सकाळी घोटभर पाणी पिऊन निघते आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत पाण्याला शिवत नाही. का? तर शाळेच्या मुतारीला कडी नाही, आत पाणी नाही, पाय ठेववत नाही. तिने यावर उपाय काढला आहे तो तहान मारण्याचा! बाईच्या जातीला मूत्राशयापासून बाहेर येणारी नळी जेमतेम दीड इंचाची. जंतू सहज वर चढतात. भरपूर लघवी झाली तर ते वाहून जातात; कोंडून राहिली तर मूत्राशयात वाढतात. मग जळजळ, घडीघडीला लागणे, आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचले तर थंडीताप आणि कुशीत कळ. आपल्या चरकसंहितेत वेग दाबू नयेत यासाठी एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात मूत्राचा वेग अगदी आरंभी येतो. वर्गात मात्र ‘एकीला जाऊ का?’ म्हणून उठलेल्या पोराला ‘बस खाली’ हेच उत्तर मिळते.

मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिलेली आहेत. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही शाळांत ती बांधावीत असा आदेश दिला. भिंती उभ्या राहिल्या, तरी कडी, बादली आणि रोजची झाडलोट कायद्याने आपोआप येत नाही. ते काम मुख्याध्यापकांचे आणि शाळा व्यवस्थापन समितीचे. केरळात 2019 पासून शाळांत पाणी पिण्याची वेगळी घंटा वाजते. आपल्याकडे ती वाजवायला कोणाची हरकत आहे? पण आधी मुतारी धुवा, मग घंटा वाजवा. नाहीतर मुली पाणी पिणार नाहीत.

मोरारजी देसाई स्वतःचे मूत्र घेत आणि तसे उघड सांगत, म्हणून कोणी शिवांबूचे नाव काढील. मूत्रपिंडाने कष्टाने निवडून टाकलेला माल परत बराखीत भरण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज घेणेही वाईट. उन्हात पाणी कमी पडलेले असताना त्या मूत्रपिंडाला अपाय करतात. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

जळजळ दोन दिवसांवर गेली, किंवा ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणीसाठी लघवी देताना पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत धरावी. मुलीला डॉक्टरांपुढे बोलायला संकोच वाटत असेल तर तिच्याबरोबर शाळेतल्या बाईंनी किंवा आशाताईंनी जावे.