पाटीची लाज कोणाला?

(पुरंदर तालुक्यांतील फळबागाईतदार मंडळींपुढें झालेल्या भाषणाचा मजकूर)



फळबागा व शेतकऱ्यांचा आठवडी बाजार या विषयावर मला चार शब्द बोलण्यास सांगितलें आहे. खत कोणतें घालावें, छाटणी केव्हां करावी, हें मी सांगणार नाहीं; तें तुम्हांस माझ्यापेक्षां जास्त कळतें. या तालुक्याच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें तुमच्या आजा-पणजांच्या हातांतील कसबामुळें व येथील मातीमुळें. मला बोलावयाचें आहे तें फळ झाड सोडतें त्यानंतर त्याचें काय होतें याविषयीं.

अंजीर हें मोठें नाजूक फळ. पहाटे अंधारांत खुडावयाचें, देठाच्या चिकानें बोटें सोलून निघावयाचीं, आणि खुडल्यापासून दीड-दोन दिवसांत तें खपलें नाहीं तर गुरांपुढें टाकावयाचें. सीताफळाचेंही तेंच. एकदां डोळे उघडले कीं तें कोणासाठीं थांबत नाहीं. जोंधळा कणगींत घालून भावाची वाट पाहतां येते. पिकलेलें फळ घेऊन वाट पाहतां येत नाहीं. हें जितकें तुम्हांस ठाऊक, तितकेंच गाळ्यावर बसलेल्या अडत्यासही ठाऊक. त्याचें सारें बळ या दोन दिवसांत आहे.

माझ्या वडिलांच्या वेळचा प्रकार सांगतों. वीस पाट्या अंजीर रात्रीच्या गाडीनें गेलें. चार दिवसांनीं पट्टी आली. तींत आडत, हमाली, तोलाई, शिवाय खराब निघाले म्हणून कडता. पुढें एका लग्नांत एक फेरीवाला भेटला, तो आमच्याच नात्यांतला. तेंच फळ त्याच दिवशीं त्यानें त्याच गाळ्यावरून घेतलें होतें. आणि त्यानें मोजलेला भाव पट्टींतल्या भावाच्या दीडपट होता. वडिलांनीं ऐकून घेतलें व गप्प राहिले. कारण माझ्या बहिणीच्या लग्नाची उचल त्याच गाळ्यावरून घेतलेली होती. आणि आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा अडत्या भटजी नव्हता, शेटजीही नव्हता. तो आपल्याच बिरादरीचा, आपल्याच सभांना वर्गणी देणारा गृहस्थ होता. लुबाडणाराची जात पाहून राग आवरता घेणें हा रोग आपल्यांत फार जुना आहे.

कायदे झाले नाहींत असें नाहीं. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसापुरता व १९३९ सालीं सर्व शेतमालासाठीं झाला. १९६३ च्या कायद्यानें आजच्या बाजार समित्या आल्या. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत होती, ती मोडून उघड लिलाव व्हावा, हा या सर्वांचा हेतु. हेतु चांगला होता. पण समितींत निवडून कोण आलें, गाळे कोणास मिळाले, हें तुम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०१६ सालीं सरकारनें फळें व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. त्याच सालीं पणन मंडळानें संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरविण्यास आरंभ केला. म्हणजे कायद्यानें दार उघडलें. मग आपण त्यांतून बाहेर कां पडलों नाहीं?

याचें उत्तर मला माझ्याच घरांत मिळालें. धाकट्या भावाच्या बायकोनें पुण्याच्या आठवडी बाजारांत अंजीर घेऊन बसण्याची गोष्ट काढली, तेव्हां आमची चुलती म्हणाली, "अग, आपण कोण, कोणाच्या घरच्या! पाटी पुढें घेऊन रस्त्यावर बसणार?" फळ मातीमोलानें गेलें तर घराण्याची अब्रू जात नाहीं, सून तराजू धरून बसली कीं जाते! माळ्याच्या बाया, बागवानाच्या बाया पिढ्यान् पिढ्या हारे घेऊन बाजारांत बसत आल्या, त्यांच्या जिवावर शहरें जेवलीं, आणि आपण मात्र वतनाचा एक कागद पेटींत ठेवून वरचे झालों. उंचनीचपणाचा हा धडा आपण ज्यांना नांवें ठेवतों त्यांच्याकडूनच शिकलों, आणि तो त्यांच्यापेक्षां अधिक इमानानें पाळतों.

जोतीराव फुल्यांच्या घराण्याचें आडनांवच मुळीं फुलांच्या धंद्यावरून पडलें. तें त्यांनीं लपविलें नाहीं. ते पुणें नगरपालिकेचे सभासद असतां मोठी मंडई बांधण्याचा बेत निघाला, तेव्हां त्या खर्चास त्यांनीं विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. मंडई १८८६ सालीं उघडलीच, आणि पुढें तिला त्यांचेंच नांव मिळालें! कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली, ती व्यापार आपल्या मुलखांत वाढावा म्हणून. पुढें गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणलेल्या माणसानें चहाचें दुकान काढलें, तेव्हां महाराज स्वतः तेथें जाऊन चहा प्याले. छत्रपतींना अस्पृश्याच्या दुकानाची लाज वाटली नाहीं. आणि आपणांस स्वतःच्या बागेंतल्या फळाची लाज वाटते.

आतां हिशेब. तो मी गोड करून सांगणार नाहीं. समजा, शंभर किलो अंजीर आहे. गाळ्यावर साठ रुपयांनीं गेलें तर सहा हजार. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून सातशें गेले, हातीं राहिले त्रेपन्नशें. तेंच तुम्ही शहरांत स्वतः विकलें. सकाळीं सत्तर किलो शंभरानें गेलें, सात हजार. दुपार टळल्यावर वीस किलो पन्नासानें, एक हजार. दहा किलो मऊ पडलें, तें वायां. आठ हजारांतून गाडीचे बाराशें, जागेचे दोनशें व दोन माणसांच्या मजुरीचे हजार वजा करा, उरले छपन्नशें. म्हणजे एवढी उठाठेव करून जास्त मिळाले ते तीनशें! यांत पावसानें गिऱ्हाईक आलें नाहीं तर तेही नाहींत. जो कोणी बाजारांत बसलें कीं दुप्पट मिळते असें सांगेल, त्यानें मजुरी व गाडी हिशेबांत धरलेली नसते.

पण चार घरांनीं एक गाडी केली कीं बाराशांचे तीनशें होतात, आणि तीनशें जास्त होते ते बाराशें होतात. यासाठीं चौघांनीं एकच फळ आणूं नये. एकाचें अंजीर, एकाचें सीताफळ, एकाचा वाटाणा, एकाची मेथी, ज्या महिन्यांत जें असेल तें. गिऱ्हाईकास एके ठिकाणीं चार जिन्नस मिळतात व तें पुढच्या आठवड्यास परत येतें. सगळा माल बाजारांत न्यावा असेंही नाहीं. चवथा हिस्सा न्या, बाकीचा गाळ्यावर जाऊं द्या. मात्र आतां तुम्हांस भाव ठाऊक झाला. पट्टी हातांत घेऊन अडत्यास चार प्रश्न विचारतां येतील. तीनशांपेक्षां मला याची किंमत जास्त वाटते.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगतों. भावजय गेली. पहिल्या आठवड्यांत निम्मा माल परत आला. चुलतीनें दोन दिवस ऐकवलें. दुसऱ्या आठवड्यास तिनें फळें तीन प्रतींत निवडलीं, खालीं अंजिराचींच पानें घातलीं, आणि मऊ फळ वेगळें काढून स्वस्तांत दिलें. तिसऱ्या आठवड्यास नोटा मोजून तिनें सासऱ्याच्या हातीं दिल्या, पण त्यांतील शंभर स्वतःजवळ ठेवले व तसें सांगितलेंही. घरांत थोडी खळबळ झाली. पुरुष पट्टी घेऊन येतो तेव्हां ती किती रकमेची हें बायकांस कोणी सांगत नाहीं. येथें तिनेंच विकलें, तिनेंच मोजलें. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची हांक दिली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनीं बायकोच्या नांवें जमीन केली. आमच्या घरानें तेव्हां केली नव्हती. गेल्या वर्षीं सातबाऱ्यावर भावजयीचें नांव लागलें. चुलतीच तलाठ्याकडे बरोबर गेली होती.

उचलीविषयीं एकच सांगतों. ज्याच्या डोक्यावर गाळ्याची उचल आहे त्यास बाजारांत बसणें सोपें नाहीं, त्याचा माल आधींच बांधलेला असतो. त्यानें घाई करून अडत्याशीं बिघाड करूं नये. पहिल्या हंगामांत घरचा फक्त एक हारा गाडींत टाकावा, आणि त्याचे पैसे उचल फेडण्याकडेच लावावे.

येत्या रविवारीं पहाटे चार वाजतां वेशीपासून गाडी निघणार आहे. आतांपर्यंत तीन घरांचीं नांवें आलीं आहेत, चवथ्याची जागा रिकामी आहे. पाट्या व तराजू ज्याचे त्यानें आणावे. घरची कोणी बाई येणार असेल तर पुढच्या बाकावर तिची जागा राखून ठेवूं. नांव सभा संपल्यावर मजजवळ सांगावें.