‘मोफत’ पैज आणि लांब पल्ल्याची शर्यत
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकून वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल, हे भलतेच काय काढले! आकडा आणि मटका आपल्या वस्त्यांनी पाहिलेला आहे. साठच्या दशकाआधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लागत असे, आणि लावणाऱ्याने कापसाचे बोंडही कधी हातात घेतलेले नसे. आजचा जुगार फोनमध्ये आहे आणि तो खेळाचे कपडे घालून येतो. क्रिकेट, फुटबॉल सर्वांना ठाऊक आहेत. परंतु सायकलची तीन आठवड्यांची टूर द फ्रान्स, बर्फावरची लांब पल्ल्याची स्की शर्यत, असल्या आपण कधी न पाहिलेल्या खेळांवरही परदेशातील पैज-कंपन्या भाव काढतात आणि वर ‘पहिली पैज मोफत’ अशी जाहिरात देतात. अशा दूरच्या खेळाची कंपनीला एवढी गरज का भासावी?

याचे उत्तर इतिहासात सापडते. 1809 साली इंग्लंडमध्ये कॅप्टन बार्कले नावाच्या गृहस्थाने एक हजार तास, दर तासाला एक मैल, असे चालून दाखवण्याची हजार गिनींची पैज घेतली आणि जिंकली. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन या तरुणाने 1860 च्या निवडणुकीत लिंकन हरतील अशी पैज लावली आणि ती तो हरला. हरणाऱ्याने शपथविधीसाठी बोस्टनहून वॉशिंग्टनला पायी जायचे, असे ठरले होते. तो निघाला, आणि 4 मार्च 1861 रोजी काही तास उशिरा पोहोचला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, वाटेत तो शिलाई यंत्राच्या कंपनीची जाहिरातपत्रके वाटत गेला. म्हणजे पैज, पायपीट आणि जाहिरात या तिघांची सोयरीक तेव्हापासूनची आहे.

पुढे 1878 पासून लंडन-न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांच्या चालण्या-धावण्याच्या शर्यतींसाठी अ‍ॅस्टली पट्टा सुरू झाला. शर्यत सहा दिवस चाले, म्हणून पैजाही सहा दिवस चालत. कोण लंगडू लागला, कोण झोपला, की लगेच भाव बदले. घोड्याची शर्यत काही मिनिटांत संपते, पण माणसाची फरफट सहा दिवस विकता येते! आज याच गोष्टीला ‘लाइव्ह’ पैज म्हणतात. ऑस्ट्रेलियात 2025 मध्ये फिल गोर हा धावपटू दर तासाला सुमारे 6.7 किलोमीटर याप्रमाणे 119 तास धावला. पराक्रम मोठाच. पण अशा शर्यतीवर भाव लागला, तर लावणाऱ्याला झोप कधी मिळेल, याचा विचार करावा.

त्या काळातील एक नाव आम्हांला मुद्दाम सांगावयाचे आहे, ते म्हणजे फ्रँक हार्ट. हैतीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण. 1880 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने सहा दिवसांत 565 मैल, म्हणजे सुमारे 909 किलोमीटर, अंतर तोडून विश्वविक्रम केला. वर्णद्वेषाच्या शिव्या खात तो जिंकला. त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांचा खिसा भरला, त्यालाही भरपूर पैसा मिळाला. परंतु तो टिकला नाही. 1908 साली शिकागोत क्षयाने त्याचा अंत झाला, तेव्हा ती संपत्ती उरली नव्हती. पट्ट्याचा इतिहास लिहिणारे मैल मोजतात. आम्हांला मात्र वाटते, त्या पैशाची वाट कुठून कुठे गेली हेही मोजले पाहिजे.

आता विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. दोन तुल्यबळ धावपटूंवर कंपनी 1.90 भाव देते. म्हणजे शंभर लावून जिंकलात तर 190 हाती येतात. दोघांवर शंभर-शंभर आले, तर कंपनीकडे 200 जमा आणि 190 वाटप. शेकडा पाच रुपये तिचे, कोणीही जिंको. ‘मोफत’ पैज 500 ची असेल, तर जिंकल्यावर 450 मिळतात. स्वतःचे 500 लावले असते तर 950 आले असते, कारण मोफत पैजेत मूळ रक्कम सहसा परत मिळत नाही. बोनस 1000 चा आणि अट दहापट उलाढालीची असेल, तर 10,000 रुपये फिरवावे लागतात. शेकडा पाचप्रमाणे त्यातले सरासरी 500 कंपनीकडे जातात.

मग आडबाजूच्या शर्यतीचा फायदा कोणाला? समजा, वीस स्पर्धक आहेत आणि कोणीही जिंकला तरी 100 परत मिळावेत म्हणून सर्वांवर मिळून 125 लावावे लागतात. म्हणजे शेकडा वीस कंपनीचे. आता तेच 10,000 फिरवा. सरासरी 2000 गेले, म्हणजे बोनसाच्या दुप्पट! कोणाच्या पायाला फोड आले, कोणाचे पोट बिघडले, हे प्रशिक्षकाला ठाऊक असते, लावणाऱ्याला नव्हे. आणि एखादा अभ्यासू सतत जिंकू लागलाच, तर ब्रिटनमधील कंपन्या त्याच्या खात्यावर मर्यादा घालतात, ही तेथील सर्वज्ञात गोष्ट आहे.

तेथील सरकारांनाही हे उमगले आहे. ब्रिटनच्या जुगार आयोगाने 2025 मध्ये बोनसाची अट दहापटीहून अधिक नसावी असा नियम जाहीर केला. अमेरिकेतील जुगार-उद्योगाच्या संघटनेने 2023 मध्ये ‘जोखीममुक्त’ हा शब्द जाहिरातीत वापरू नये, असे आपल्याच सभासदांना सांगितले. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. त्यात असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच आहे, कारण तो लुबाडला गेलेला असतो. तरीही परदेशातून येणारा संदेश फोनवर अडेलच, याची हमी कायदा देऊ शकत नाही.

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दोष सांगितले आहेत. त्यातला एक असा की सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. धनहानी आहेच, पण पत जाणे हा वेगळा दोष मानला आहे, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पतीवरच भिशी चालते, उसनवारी होते, मुलाच्या फीला शेजारी हात देतो. आणि ज्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होते, तेच खाते फोनला जोडलेले असते. एका बोटाच्या दाबाने वर्षाची फी जाऊ शकते.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या रविवारी अभ्यासिकेत ज्याच्या फोनवर अशी जाहिरात आली असेल, त्याने ती घेऊन यावे. कोणालाही दोष दिला जाणार नाही, नाव विचारले जाणार नाही. खालच्या बारीक अक्षरातील अटी आपण फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहू आणि वरीलप्रमाणे हिशेब मांडू. पालकांनीही यावे. गणिताच्या शिक्षकांनी येण्याचे कबूल केले आहे.