अठरा पेन्सांचा रुपया आणि वऱ्हाडचा कापूस

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें गांव १७२४ च्या लढाईनें प्रसिद्ध आहे. तेथें निजामानें मुबारिझखानाचा पराभव केला. वऱ्हाडांतील अशा कापूस पिकविणाऱ्या गांवांवर पुढें दुसरें एक संकट आलें, तें तरवारीवांचून, केवळ दोन पेन्सांचें!

१९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें रुपयाची हुंडणावळ सोळा पेन्सांऐवजीं अठरा पेन्स ठरवावी, अशी शिफारस केली. देशांतील किंमती त्या दराशीं जुळल्या आहेत, असें कमिशनचें म्हणणें. त्या जुळल्या नाहींत, असें सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं भिन्न मतपत्रिकेंत मांडलें. १९२७ च्या कायद्यानें अठरा पेन्सांचाच दर कायम झाला.

हिशेब सोपा आहे. लिव्हरपूलचा भाव पेन्सांत ठरे. तो ठरविणें शेतकऱ्याच्या हातीं नव्हतें. एका पौंडाच्या मालाचे पूर्वीं १५ रुपये होत; नव्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पै, म्हणजे नववा हिस्सा कमी. शेतसारा व सावकाराचें देणें मात्र रुपयांत बांधलेलें. त्यांत एका पैचीहि सूट नाहीं.

उलट विलायती कापड शहरांतील पगारदारास स्वस्त पडलें. १९२९ नंतरच्या मंदीचें मूळ जगांत होतें, हें खरें. तरी १९३१ सालीं रुपया त्याच दरानें पौंडास बांधला गेला, आणि इंग्लंडच्या बाजारांत शेतकऱ्यास कांहीं दिलासा मिळाला नाहीं.

हुंडणावळीचा आंकडा तटस्थ नसतो. एकाच्या घरची स्वस्ताई दुसऱ्याच्या शेतांतून येते.